स्ट्रॉबेरीची मर आणि आमची लॅब

पिकांचे रोग तपासायच्या लॅबमध्ये चार वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. हसावं असं फारसं काही घडत नाही, तरी चहाच्या वेळी आम्ही तेच उगाळत बसतो! घाटावरच्या थंडीच्या भरवशावर आमच्याकडे काही जणांनी स्ट्रॉबेरी लावली. मातीतल्या बुरशीनं ती मरायला लागली, तेव्हापासून तर विचारूच नका.

धाड गावचे एक काका नमुना म्हणून टवटवीत झाड घेऊन आले. लालबुंद फळासकट!

"काका, आजारी झाड पाहिजे होतं," मी म्हटलं.

ते ओशाळले. "तुमच्या हापिसात मेलेलं झाड घेऊन येऊ? बरं दिसते का ते, सायब?"

डोणगावच्या एकानं माती आणली ती वाळवून, चाळून, मुळं-काड्या वेचून. "घरच्यांनी दोन दिवस बसून साफ केली!" बुरशी दडते नेमकी त्या मुळांच्या तुकड्यांत. ते कुठे टाकले विचारलं, तर म्हणाला, "खताच्या खड्ड्यात. खत वाफ्याले टाकलं." मी डोक्याला हात लावला.

मुळांचे काप बशीत ठेवून बुरशी उगवायची वाट पाहावी लागते, सात-आठ दिवस. अमडापूरचे सलीमभाई हे ऐकून भडकले. "आठ दिवसांत तर प्लॉटची मय्यत उठन! मंग तुमी इलाज सांगसान, का कशानं मेला ते?" रिपोर्ट आला तोवर त्यांनी ट्रॅक्टर फिरवला होता.

तरी ते आले. मी मायक्रोस्कोपखाली ती बुरशी दाखवली. बराच वेळ डोळा लावून होते. "एवढीशी? अन् अर्धा एकर खाल्ला हिनं?"

आणि लताबाई. नवरा गेल्यावर एकट्या शेत करतात. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी दहा गुंठे स्ट्रॉबेरी लावलेली, आणि त्या भागात निरोगी प्लॉट तेवढा एकच. मी एका दिवसात चार आजारी प्लॉट पाहिले आणि शेवटी त्यांच्याकडे गेलो. वाफ्यांतून फिरलो, कौतुक केलं, निघताना भाषणही ठोकलं, "बाहेरची माती शेतात येऊ देऊ नका!"

दीड महिन्यानं त्या लॅबमध्ये आल्या. वहीच्या पानावर प्लॉट काढलेला, वाळलेल्या झाडांवर फुल्या. फुल्यांची एकच ओळ होती, फाटकापासून विहिरीपर्यंत आणि परत.

"इथून तुमी आत आले. इथं वाकून फळ पाह्यलं. अन् इथून वापस गेले," त्या मला म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या सरांनी विचारलं, "मातीचा नमुना आणलाय का, ताई?"

"माती नाई आनली. या सायबायचे बूट तपासा."

मी बूट काढले. सरांनी तळव्याच्या खाचांतली माती खरवडून पिशवीत भरली. लेबलवर शेतकऱ्याच्या नावाची जागा असते. तिथे मी माझं नाव लिहिलं.