अकरा आट्यांचा उजेड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: त्या संध्याकाळी आभाळातून गेलेला उजेड मीही पाहिला होता.

सरकारी कागदावर मी तलाठी, गावात पटवारी. त्या दिवशी सडक अर्जुनीला तहसीलची बैठक होती आणि मी ताप आल्याचा निरोप देऊन गावच्या तलावावर मासे घ्यायला गेलो होतो. मासे घेतले, पिशवी मोटारसायकलच्या हँडलला बांधत होतो, तेवढ्यात उत्तरेकडून तो निघाला. सूर्य नुकताच बुडाला होता. पुढे एक मोठा जळता ठिपका, मागे त्याची पिल्लं असावीत तसे पाच-सहा लहान. आवाज अजिबात नाही. विमान इतकं सावकाश जात नाही आणि तुटलेला तारा इतका वेळ टिकत नाही. सालेकसाच्या जंगलाच्या बाजूला तो खाली गेला तेव्हा माझे हात पिशवीच्या गाठीवर तसेच होते. मग मी घरी आलो, मासे बायकोकडे दिले आणि चादर ओढून झोपलो, कारण मला ताप होता.

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे चोरांचा ड्रोन, कुणी म्हणे शेजारच्या देशाचं काही. पण पाहिलं कुणी, असं विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. एकाच माणसाने पोलीस पाटलाकडे जाऊन सरळ सांगितलं की मी पाहिलं. तो तलावाच्या गेटवरचा पाटकरी, म्हणजे कालव्याला पाणी सोडणारा आणि बंद करणारा रोजंदारीवरचा माणूस. साठीला आलेला, बोलायला कमी. एके काळी दारूत बुडालेला होता. लेकीच्या लग्नात तिने बापाकडे दुसरं काही मागितलं नाही, फक्त बाटली सोडा म्हणाली, आणि त्याने सोडली. त्याला नऊ वर्षं झाली होती.

आमचा जिल्हा जंगलाचा. इथे आभाळात काही हललं की पोलिसांपासून जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत फोन फिरतात. आठवड्याच्या आत तहसीलमधून पत्र आलं: सदर प्रकाराबाबत पंचनामा करून तात्काळ सादर करावा. ते पत्र माझ्याच नावे होतं.

मी गेटघरात गेलो. तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, ती एक खोली, मधोमध गेटचं लोखंडी चाक, समोर सहा गजांची खिडकी. चाक एकदा पूर्ण फिरलं की एक आटा, इतके आटे म्हणजे इतकं पाणी. पाटकरी रोजचे आटे कोळशाने भिंतीवर मांडायचा. त्या दिवसाच्या रेघांशेजारी त्याने खिडकी काढली होती, सहा उभ्या रेघा, आणि त्यांना कापत जाणारी एक तिरपी.

"दुसऱ्या गजात निंगाला, सहाव्याच्या खालती गेला," तो म्हणाला. "मी गेट बंद करून राहिलो होतो. तो दिसेपासून बुडेपर्यंत माहे अकरा आटे झाले."

"एवढं आभाळात चाललंय अन् तुम्ही थांबले नाही?"

"थांबलो तं खालचे धानाच्या बांधीवाले शिव्या देतेत, पटवारी. अर्धं गेट कोण सोडून ठेवते?"

मी मान हलवली, वहीत काहीतरी खरडलं. त्या खुणा मात्र लिहून घेतल्या नाहीत.

पंचनामे आमच्याकडे कसे होतात ते सांगतो. दोन पंचांच्या सह्या कोऱ्या कागदावर आधीच घेऊन ठेवलेल्या असतात, मजकूर मागाहून छापतात. मजकूरही नवा कोण लिहितो? जुना उघडायचा, नावं बदलायची. माझ्यापुढे होता तो महिन्यापूर्वी हायवेवर मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाचा. नाव बदललं, ठिकाण बदललं, वेळ बदलली. शेवटून दुसरी ओळ तशीच राहिली: सदर इसम मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत होता.

राहिली, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं ते असं की ती ओळ मला दिसली होती. कर्सर तिच्यावर होता. ती खोडली तर तहसीलवाले पुढची चौकशी लावणार, त्या वेळी पाळीवर कोण कोण होतं ते विचारणार, आणि मासेवाला सांगणार की पटवारीसाहेब होते ना. ती राहिली तर फाईल बंद. मी छापायचं बटण दाबलं.

फाईल बंद झालीच. पंधरा दिवसांत पाटकऱ्याचं कामही बंद झालं. पिणारा माणूस गेटवर नको, असं तोंडी सांगून चाक दुसऱ्याच्या हाती दिलं. पानठेल्यावर त्याचं नाव उजेडबाबा पडलं. तो दिसला की कुणीतरी विचारायचंच, "काय गा उजेडबाबा, देशीने जास्त उजेड पडते का मोहफुलाच्या दारूने?" तो तंबाखू मळत उभा राहायचा आणि मग न थुंकता निघून जायचा.

लेकीच्या सासरीही ते पोचलं. ती एस.टी.ने आली, चप्पल न काढता अंगणात बापासमोर उभी राहिली आणि तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. हे मला माझ्या बायकोने सांगितलं, ती शेजारच्या दारात होती. वास नव्हता. पण नऊ वर्षांनी लेकीला वाकून वास घ्यावा लागला, आणि बापाने तिला तो घेऊ दिला. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला म्हणालो, पोट बिघडलं.

मग वरून दुसरं पत्र आलं. असा उजेड पुष्कळ गावांनी पाहिला होता आणि केंद्राने तिघा शास्त्रज्ञांचं पथक पाठवलं होतं. आमच्या गावाच्या नावापुढे "साक्ष अविश्वसनीय" असा शेरा होता. पण पथकातल्या बाईंनी कळवलं की ज्याने पाहिलं म्हटलं, त्या प्रत्येकाला आम्ही भेटणार.

साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे पहिलं काय होतं? चुना लागतो. ज्या दिवशी ते यायचे त्या सकाळी मी पाळीवर पोचलो तर गेटघर बाहेरून पांढरं झालेलं, आतल्या दोन भिंती ओल्या, आणि माणूस बादली घेऊन तिसरीकडे वळत होता. तीच भिंत.

मी मध्ये जाऊन उभा राहिलो. "थांब. आतल्या रंगाची मंजुरी नाही आली."

"उपसरपंचांनी सांगतलं ना, साहेब."

"त्यांना मंजुरी आणायला सांग."

"दोन भिंती तं मारल्या. त्याचं काय करू, खरडू काय?"

"राहू दे. पण या भिंतीले हात लावायचा नाही."

तो बाहेर जाऊन बिडी पेटवत बसला. आत शिरताना ओल्या भिंतीचा चुना माझ्या पाठीला लागला होता. नोकरीत मी पुष्कळ खोटं बोललो, त्यातलं हे एक मला आवडतं.

दुपारी पथक आलं. तहसीलदार, पोलीस आणि निम्मं गाव पाळीवर. पाटकरी धुतलेला सदरा घालून आला होता, मागे लेक. बाईंनी भिंत पाहिली. बराच वेळ पाहिली. मग हिंदीत विचारलं, "दादाजी, उस दिन आप कहाँ खड़े थे?"

तो पुढे झाला आणि चाकाजवळ सिमेंटवर दोन झिजलेल्या जागा होत्या, त्यांत त्याचे पाय बसले. दोन्ही पावलं अगदी बरोबर, जशी आपल्या वहाणेत बसावीत. इतक्या वर्षांच्या उभं राहण्याने झालेल्या जागा त्या. दुसरं कुणी तिथे उभं राहिलं तर पाय वेडेवाकडे पडतात. बाईंनी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यंत्र धरून दुसऱ्या गजातून आणि सहाव्या गजातून दिशा घेतली, कोन घेतला. मग घड्याळ हातात घेऊन म्हणाल्या, त्या दिवशी जसं फिरवलं तसंच फिरवा. घाई नको, उशीरही नको.

"गेट खालती येईन ना बाई. कालवा चालू हाये."

नवा पाटकरी म्हणाला, "येऊ द्या काकाजी, मी मागून उघडतो."

आमच्या पाटकऱ्याने चाक धरलं. पहिला आटा, दुसरा. खोलीत चाकाच्या कुरकुरीशिवाय आवाज नव्हता. चौथ्या आट्याला दारातलं कुणीतरी हळूच "चार" म्हणालं. पाचला तिघे-चौघे. सातपर्यंत बाहेरची पाळ मोजत होती, पानठेल्यावरचे तेच गडी. अकरा सगळ्यांनी मिळून म्हटलं आणि त्याने हात सोडला. दम लागला नव्हता.

बाईंनी घड्याळ पाहिलं, वही पाहिली, सोबतच्याला दाखवली. "बाकी गाँवों में किसी ने पाँच सेकंड बताया, किसी ने आधा घंटा," त्या तहसीलदारांना म्हणाल्या. "इनका समय हमारे रिकॉर्ड से मिलता है. ऐसा गवाह हमें पूरे ज़िले में नहीं मिला."

त्यांनी नकाशा पसरून आमच्या तलावापासून एक रेघ ओढली. ती सालेकसाच्या जंगलात गेली. थोड्याच दिवसांत त्या रेघेच्या जवळच, मोहफुलं वेचणाऱ्या बायकांना पाचोळ्यात धातूचा काळपटलेला गोळा सापडला. निकामी झालेल्या रॉकेटची टाकी, वरून जळत आलेली. पथकाने पाटकऱ्याला मुद्दाम गाडी पाठवून नेलं. त्याने गोळ्याला एक फेरा मारला आणि म्हणाला, "एवढाच? दिसाले तं मोठा होता." पेपरात त्याचा फोटो आला. पुढच्या सोमवारी तो पुन्हा गेटवर होता. लेक सासरी परत जाताना पानठेल्याशी थांबली आणि म्हणाली, "आता कोणाले घ्यायचा हाये माह्या बापाच्या तोंडाचा वास?" ठेलेवाल्याने तिच्यासाठी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

या सगळ्याचा मला आनंद झाला. गावात कुणाला झाला असेल त्याहून जास्त. अजूनही पाळीवरून जाताना चाकाची कुरकुर ऐकली की छाती भरून येते.

पण मोजणीच्या त्या दुपारी तहसीलदारांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मग पंचनाम्यात हे दारूचं कुठून आलं?" मी म्हणालो, "जुन्या मजकुरातून चुकून राहिलं, सर." पाटकऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या वतीने तोच बोलला, "होते साहेब. कागद हाये, चुकते. हे पटवारी नसते तं भित पांढरी झाली असती." लेकीने मला हात जोडले.

मी तेव्हाच, तिथेच खरं बोलू शकत होतो. बोललो नाही.

आता लिहितो. ती ओळ चुकून राहिली नव्हती, मी ठेवली. त्या उजेडाचे आमच्या गावात दोन साक्षीदार होते, आणि दुसरा मी. हे त्याच्या अंगणात जाऊन, त्याच्या लेकीसमोर, तोंडाने सांगणं आणि माझ्या सहीचा जबाब त्या फाईलला लावणं, एवढं मी अजून देणं लागतो.