क्लचकाकांचा कॉम्प्युटर बोलेना

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका गाडी चालवायला शिकवायचे. मीही त्यांच्याकडेच शिकले. शिकणारा गडबडला की ते शेजारच्या सीटवरून असे ओरडायचे, “क्लच! अरे, क्लच दाब!” की फुटपाथवरचा माणूसही दचकायचा. सगळे त्यांना क्लचकाकाच म्हणत.

पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

पाटीवर लिहून त्यांनी भागवलं असतं, पण काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दाराशी कोणीतरी उभं आहे एवढं त्यांना कळायचं. अक्षर मात्र अजिबात लागायचं नाही. एकाला बोलता येईना, दुसरीला वाचता येईना. बोलके मोबाइल तेव्हा घरोघरी आलेले नव्हते. शेवटी परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने आपला जुना कॉम्प्युटर आणून जेवणाच्या टेबलाशेजारी बसवून दिला. काकांनी टाइप केलं की तो वाचून दाखवायचा. त्यात आवाज एकच होता आणि तोही बाईचा.

“या वयात सवत आणलीत घरात,” काकू म्हणाल्या.

काकांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, “ही निदान मला मध्येच तोडत नाही.”

बारीकसारीक गोष्टींसाठी कॉम्प्युटर लागायचा नाही. चहा हवा का, पंखा लावू का, असं काकूंनी विचारलं की काका टेबलावर बोटाने वाजवायचे. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही.

काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही डोळे एकदमच उरकून टाकू, पुन्हा पुन्हा हेलपाटे नकोत. घरी आल्यावर काकूंनी काकांचं मत विचारलं. काकांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी दात घासून थेट कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

पडद्यावर नेहमीचं चित्र आलं, खाली ठिपक्यांचा गोल फिरायला लागला आणि फिरता फिरता थांबला. काकांनी वाट पाहिली. बटण दाबून बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा गोल तिथेच अडकला. त्यांनी वरून चापट मारून पाहिली, त्यानेही काही झालं नाही.

“अहो, आज सुरू झाल्याची धून नाही वाजली ती?” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग हात पुसत बाहेर आल्या. “बरं, ते राहू दे. मला एवढंच सांगा, डॉक्टर म्हणतात तसं ऑपरेशन करून घेऊ का?”

काकांचं बोट टेबलावर जरा घुटमळलं. मग त्यांनी दोनदा वाजवलं.

काकूंचा चेहराच उतरला. “नको? मी अशीच चाचपडत राहू का जन्मभर? बरं. तुमच्या मनात नसेल तर राहिलं. कळवते मी त्यांना.” आणि भिंतीला हात लावत त्या फोनपाशी गेल्यासुद्धा.

काका धावले. काकूंनी रिसीव्हर उचलला होता, तोच त्यांनी हात ठेवून फोन कट केला आणि स्वतः मुलीचा नंबर फिरवला. फोन स्पीकरवर टाकून तो ओढत टेबलापर्यंत आणला.

“कॉम्प्युटर बंद पडलाय,” काकू फणकारल्या. “आणि तुझे बाबा मला ऑपरेशन करू देत नाहीत.”

“आधी कॉम्प्युटरचं बघू,” मुलगी म्हणाली. “आई, पडद्यावर काय दिसतंय?”

“मला काय दिसणार?”

“मग बाबांना विचार ना.”

“ते काय सांगणार?”

मग पलीकडून मुलीच्या हसण्याचा आवाज आला. काकूंनाही हसू आवरेना, आणि काकांचे खांदे हलायला लागले.

“बाबा, टेबलावर वाजवा,” मुलगी म्हणाली. “चित्र येतंय?” एकदा. “गोल फिरतोय?” दोनदा. “आधी फिरत होता?” एकदा. “म्हणजे सुरू होताना अडकतोय. कॉम्प्युटर जागा झाला की जोडलेल्या प्रत्येक वस्तूला हाक मारतो. एखादी नीट ओ देईना, तर तिथेच ताटकळत बसतो. पडदा आणि कीबोर्ड सोडून बाकी सगळं काढा.”

काकांनी पूर्ण बंद करून प्रिंटर काढला, कॅमेरा काढला, स्पीकर काढला. बटण दाबलं. गोल फिरला, फिरतच राहिला आणि ओळखीचा निळा पडदा आला. काकांनी टेबलावर असं वाजवलं की चमचे हलले.

“आता एकेक जोडा. दरवेळी बंद करून पुन्हा लावायचा. घाई नको.”

प्रिंटर जोडला, चालला. कॅमेरा जोडला, तरी चालला. स्पीकर जोडला आणि गोल जागच्या जागी थिजला. काका वायर चाचपत खाली वाकले. केर काढताना टेबल सरकवलं होतं, त्याचा पाय नेमका स्पीकरच्या यूएसबी वायरवर आला होता. वायर चपटी होऊन आतली तार उघडी पडली होती. काकांनी ते टोक काकूंच्या बोटांत दिलं.

“अगं बाई, हे माझंच काम,” काकू म्हणाल्या. “टेबल मीच ढकललं होतं.”

“स्पीकर राहू दे, बाबा,” मुलगी म्हणाली. “खणात माझा जुना हेडफोन आहे. त्याची गोल पिन मागच्या हिरव्या भोकात घाला.”

काकांनी हेडफोन शोधून काकूंच्या डोक्यावर चढवला. मग खुर्ची ओढून बसले आणि टाइप करायला लागले. बराच वेळ फक्त बटणांचा आवाज येत होता. काकू मान ताठ करून ऐकत होत्या. पलीकडे मुलीला काहीच कळेना.

“आई, काय म्हणतायत बाबा?”

काकूंनी हेडफोन न काढताच, ऐकतील तसं सांगायला सुरुवात केली. “म्हणतात, ऑपरेशन करायचंच. पण एका वेळी एक डोळा. दोन्हींवर पट्टी बांधली तर…” त्या थांबल्या. “तर मी शेजारी बसलोय हे तुला कसं सांगणार, म्हणतात. तू घाबरून हाक मारशील आणि मला ओ देता येणार नाही.”

“मग मघाशी दोनदा काय वाजवत बसलात?” काकू काकांकडे वळून म्हणाल्या. “जीवच काढलात माझा.”

काकांनी पुन्हा टाइप केलं. काकूंनी ऐकलं आणि फोनकडे तोंड करून सांगितलं, “म्हणतात, तू प्रश्नच तसा विचारलास, ‘डॉक्टर म्हणतात तसं’ करू का म्हणून.”

मुलीने त्याच दिवशी रजा टाकली आणि डॉक्टरांशीही तीच बोलली. डॉक्टरांनी फार खळखळ केली नाही. उजवा डोळा आधी झाला, डावा त्यानंतर काही आठवड्यांनी. मुलगी दोन्ही वेळा आली होती. काका पलंगाशेजारच्या स्टुलावरून हलले नाहीत. नर्सने बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा मुलीनेच तिला समजावलं.

पट्टी निघाल्यावर काकू घरी आल्या, दारातच थबकल्या आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, “अगं बाई, इतके मळलेत हे पडदे? आणि लोक आपल्याकडे येऊन चहा पिऊन जातात!” मी सूप घेऊन खाली गेले, तेव्हा काका स्टुलावर चढून पडदे काढत होते आणि काकू खालून कुठली कडी राहिली ते दाखवत होत्या.