काळ्या कोंबड्याची मान

माझा नवरा मासेमारी शिकला तो मोबाइलवर, आणि तीही असली, की तिच्यात मासा जवळजवळ लागतच नाही. परदेशातली माणसं थंडगार नदीत मांडीभर पाण्यात उभी राहतात, लांब लवचिक काठीने एक जाडसर दोरी हवेत पुढेमागे झुलवतात आणि अलगद पाण्यावर सोडतात. टोकाला गांडूळ नसतं की कोळंबी नसते. असते ती पिसं आणि दोरे गळावर बांधून केलेली खोटी माशी. मासा तिला खरी समजून गिळतो. म्हणजे गिळायला हवा.

माझं माहेर वज्रेश्वरीच्या बाजूला, तानसा नदीच्या काठावर. तिथली पोरं नीट चालायला लागली की जाळं फेकायला शिकतात. अशा गावात भिवंडीचा जावई पिसं घेऊन नदीत उभा राहतो म्हटल्यावर लोकांची हिवाळाभराची करमणूक झाली. "भावजी, माशांना गुदगुल्या करता काय?" माझा धाकटा भाऊ विचारायचा. नवऱ्याला राग यायचा नाही. थंडीत पाणी नितळ होतं, कुंडांचं गरम पाणी जिथे नदीत उतरतं तिथे गारठ्यातही चिलटं उडतात आणि ती खायला मासे वर येतात, हे त्याने शोधून काढलं होतं. डिसेंबर उजाडला की दर रविवारी पहाटे त्याची गाडी तिकडे निघायची.

माशा तो घरीच बांधायचा. तयार सामान विकत मिळतं, पण याचा हट्ट असा की इथल्या नदीला इथलीच पिसं. भिवंडीत दोऱ्याला तोटा नाही. आमचे लूम कधीच भंगारात गेले आणि शेडचं गोदाम झालं, तरी माळ्यावर रंगीत दोऱ्यांच्या बॉबिनी अजून पडून आहेत. बकऱ्याच्या शेपटीचे केस खाटीक फुकट देतो. सावरीचा कापूस उन्हाळ्यात गोळा करून ठेवलेला असतो. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला तो इतक्या प्रेमाने विंचरायचा, की शेजारीण म्हणाली, तुमच्याकडेच ठेवा त्याला. हे सगळं चालायचं माझ्या जेवणाच्या टेबलावर. एकदा वरणात शेपटीचा केस निघाला, तेव्हा मी ताटच त्याच्यापुढे सरकवलं आणि चार दिवस बोलले नाही.

अडायचं ते एकाच गोष्टीपाशी. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला कोंबड्याच्या मानेवरचं पीस लागतं. लांब, अरुंद आणि ताठ. दुकानातल्या ब्रॉयलरला तसं पीस येईपर्यंत तो जिवंतच राहत नाही. त्यासाठी गावठी कोंबडा हवा, आणि तोही चांगला म्हातारा. एवढी वर्षं कोंबडा राखतो कोण? माझी आई राखायची.

तो कोंबडा चोचीपासून नखांपर्यंत काळा होता. उन्हात मान वळवली की पिसांवर हिरवी-निळी झाक यायची, पाण्यावर ऑइल सांडल्यावर दिसते तशी. माझा नवरा अंगणात बसला की त्याची नजर त्या मानेवरून हलायची नाही. "आई, हा गेला की मान माझी हं," तो दर वेळी म्हणायचा. आई जावयापुढे हसायची. तो आत गेला की मला म्हणायची, "जित्या जिवाच्या मानेवर डोला ठेवू नये. सांग तुझ्या नवऱ्याला." मी सांगितलं नाही. थट्टेत कसला आला दोष, असं मला वाटायचं.

त्या हिवाळ्यात भावाला कावीळ झाली. तो मानकोलीच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. गोदामातलं पाणी बाधलं म्हणाला. आधी गावठी औषध झालं, मग ठाण्याचं हॉस्पिटल झालं. तिथून हट्ट करून तो घरी आला. डॉक्टरांनी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, लिव्हरला सूज फार आहे, आता लक्ष ठेवायचं ते त्याच्या झोपेवर. दिवसा झोपाळायला लागला, काहीबाही बोलायला लागला, तर पुढचं आमच्याही हातात राहणार नाही. आईचा हा एकुलता मुलगा. वडील आम्ही लहान असतानाच गेले. डॉक्टरांचं बोलणं मी आईला निम्मंच सांगितलं, पण उरलेलं तिने माझ्या तोंडावरून वाचलं असावं.

त्या शनिवारी अमावास्या होती. मी दुपारच्या एसटीने माहेरी गेले. नवरा दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवर जाऊन मग घरी येणार होता. दिवेलागणीला आईने काळा कोंबडा धरला, भावाला पाटावर बसवलं आणि त्याच्यावरून कोंबडा उतरवला. म्हणजे अंगावरचं दुखणं कोंबड्यावर काढून घेतलं. असा कोंबडा नदीपलीकडे नेऊन सोडतात. सोडणाऱ्याने मागे वळून पाहायचं नसतं. आणि त्याला जो कुणी हात लावेल, घरी नेईल, दुखणं त्याच्या मागे जातं. मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. तरी समई मीच धरली होती. आईच्या हातांना काहीतरी काम हवं, अशी मी मनाची समजूत घातली. आई एकटीच पुलावरून पलीकडे गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. नवऱ्याला मी फोनवर काही बोलले नाही, कारण तो हसला असता.

सकाळी भाऊ आपणहून उठून ओटीवर उन्हात येऊन बसला. डोळे हळदीसारखे पिवळेच होते, पण त्याने पेज मागितली. पेज ढवळताना आईचे ओठ हलत होते. कितीतरी दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हटलं, कोंबड्याने असो की गोळ्यांनी असो, उतार पडला.

तेवढ्यात माझा नवरा अंगणात आला. पँट मांडीपर्यंत ओली, एका हातात काठी, आणि दुसऱ्या बगलेत तो कोंबडा.

"आई, बघा कोण सापडलं!" त्याच्या आवाजात एवढा आनंद होता. "पार नदीपलीकडे होता. कुंडाच्या वाफेत काही दिसत नव्हतं. वळलो तर माझ्या मागच्याच दगडावर उभा. कोल्ह्याने नेला असता ना हो!"

आईच्या हातातला डाव पेजेच्या भांड्यातच राहिला. नवरा आमच्याकडे आळीपाळीने पाहत होता. शाबासकीची वाट बघत होता बिचारा.

"पलाला न्हाय तुमाला बघून?" आईने विचारलं.

"छे! ओरडलाही नाही. जवळ गेलो तर मान खाली घातली आणि उचलू दिलं."

भावाने वाटी खाली ठेवली. "भावजी," तो अगदी हळू म्हणाला, "त्याला कशाला आनलात?" आणि भिंतीला धरत आत जाऊन अंथरुणावर पडला. अर्धी पेज तशीच राहिली.

मी नवऱ्याला परसात नेऊन सगळं सांगणार होते. पण आईने मला डोळ्यांनी थांबवलं. तिने कोंबडा त्याच्याकडून घेतला नाही. टोपली पुढे सरकवली, त्यालाच कोंबडा तिच्याखाली झाकायला लावला आणि वर दगड ठेवून घेतला. मग ती स्वयंपाकाला लागली. जावयाला आवडतं म्हणून वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आग्रह करकरून वाढलं. एरवी टोपलीखालचा कोंबडा सगळं अंगण डोक्यावर घेतो. त्या दिवशी त्याने आवाज काढला नाही. मी दोनदा टोपलीच्या फटीतून पाहिलं. तो जागा होता.

दुपारी मी भावाला हाक मारली. त्याने तिसऱ्या हाकेला ओ दिली. आज वार कोणता म्हणून विचारलं, तर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग "रविवार" म्हणाला. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उत्तर बरोबर देतोय ना, मग रात्रभर लक्ष ठेवा आणि सकाळी रक्त तपासायला घेऊन या, आणखी गुंगी आली तर लगेच निघा. असं ठरलं, की मी नवऱ्याबरोबर भिवंडीला जायचं, शाळेत रजा टाकायची, कपडे घ्यायचे आणि रात्र व्हायच्या आत दोघांनी गाडी घेऊन परत यायचं. शेजारचे लोक तोवर बसायला येणार होते.

निघायच्या वेळी मी पिशवी घ्यायला आत गेले. मधल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आई कोंबडा घेऊन भावाच्या उशाशी उभी होती. कोंबड्याचे पाय सुतळीने बांधले होते. तिने तो झोपलेल्या भावावरून पुन्हा उतरवला, डोक्यापासून पायांपर्यंत. ओठांनी पुटपुटत होती, पण मला ऐकू आलं नाही. मग ती वळली. मला पाहिलं असेल, नसेल. सरळ बाहेर गेली.

मला वाटलं, पुन्हा नदीपलीकडे नेत असेल. ती गाडीपाशी गेली. डिकीत काठी ठेवत असलेल्या माझ्या नवऱ्यापुढे तिने कोंबडा दोन्ही हातांनी धरला.

"घ्या जावयबापू. लई दिसांपासून मागत व्हतात. मान तुमची."

नवऱ्याचा चेहरा असा खुलला, की मला रडू आलं. "खरंच, आई?" असं म्हणत तो हात पँटला पुसायला लागला. लहान पोर मिठाईआधी हात पुसतं तसा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि आईला सगळं ठाऊक होतं. परत आलेलं दुखणं कुणाला तरी घेतल्याशिवाय जात नाही, हे मी तिच्याच तोंडून लहानपणापासून ऐकलं होतं. ते घरात ठेवता येत नव्हतं, कारण घरात तिचा मुलगा होता. म्हणून ते ती माझ्या घरी पाठवत होती. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास आहे का, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनात आलाच नाही. मी धावत गेले आणि दोघांच्या मध्ये उभी राहिले.

"तू गाडी चालवणार, तू कशाला घेतोस? आन गो आये, माझ्याकडं दे," मी म्हटलं आणि कोंबड्याचे बांधलेले पाय धरले.

आईने सोडले नाहीत. तिची मूठ घट्ट झाली. कोंबडा आमच्या दोघींच्या हातात उलटा लोंबकळत होता आणि ती माझ्याकडे पाहत होती. "तू नको," ती फक्त ओठांनी म्हणाली. मी ओढला, तिने मागे ओढला. नवरा हसत म्हणाला, "अगं, कोंबड्याचे पाय निघतील!" आतून भावाच्या कण्हण्याचा आवाज आला. आईने दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि तिची बोटं सुटली.

भिवंडीपर्यंत कोंबडा माझ्या मांडीवर होता. नवरा वाटेत म्हणाला, "तुझ्या आईचा जीव आहे हं माझ्यावर." मी हो म्हटलं.

भाऊ बरा झाला. सकाळची वाट न पाहता त्याच रात्री आम्ही त्याला ठाण्याला नेलं. गुंगी वाढली नाही आणि चौथ्या दिवशी त्याने आपल्या हाताने भात खाल्ला. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मीही तेच म्हणते. आता तो पुन्हा फोर्कलिफ्टवर आहे. कोंबडा मी कापू दिला नाही. आमच्या गच्चीवर असतो. गळलेल्या पिसांच्या माशा बांधून नवऱ्याने आयुष्यातला पहिला दांडगा मासा धरला, आणि कौतुकाने मला दाखवायला आणला, तेव्हा मी तो साफ करायला नकार दिला. आईवर माझा राग आहे. मुलगा निवडला म्हणून नाही. कोणत्याही आईला तसा प्रसंग येऊ नये. राग आहे तो एवढ्याचाच, की तिला फार वेळ लागला नाही.

तेव्हापासून आई मला रोज सकाळी फोन करते. पूर्वी आठवड्यातून एकदा करायची. आता इकडचं तिकडचं काही बोलत नाही. "बरी हायेस ना?" एवढंच विचारते, आणि मी "बरी हाय" म्हटलं की ठेवून देते.

परवापासून मला कणकण आहे. शाळेत साथ आहे, अर्धा वर्ग तापाने घरी आहे. आज मी खोकला दाबून "बरी हाय" म्हटलं. तिने फोन ठेवला नाही.

"उद्या येते," ती म्हणाली. "कोंबडा माझ्याकडं दे."

"आये, घरी कुठं नेतेस?"

"घरी न्हाय नेत. घरी पोर हाय. मी नि तो, आमी बघू कुठं जायाचं ते."

नको म्हण, असं मी स्वतःला सांगत होते. आणि मी तिला विचारलं, एसटी किती वाजता पोचते.