टायट्रेशनमधली वरची मूठ

मार्च १९६३, रविवार. खर्च चौदा नये पैसे: दोन लिंबं आणि धुण्याच्या सोड्याची पुडी. ठिकाण अमरावती, आमचं स्वयंपाकघर. हजर तिघे: मी, बायको आणि तिचा धाकटा भाऊ, अकोल्याच्या धान्य-दुकानदाराचे चिरंजीव. इंटर सायन्सचं प्रॅक्टिकल आठवड्यावर आलं होतं. ते गेलं तर सासरे त्याला कायमचं दुकानात बसवणार होते. वर्षभर कॉलेजात ब्युरेट धरून टायट्रेशन कळलं नाही, म्हणून हे विद्वान माझ्यासारख्या कारकुनाकडे आले होते.

पेल्यात लिंबाचं पाणी घेऊन मी चिमूटभर हळद टाकली. "यात आंबटपणा किती, ते चव न घेता मोजायचं. सोड्याचं पाणी ड्रॉपरने थेंब थेंब टाक, ढवळ. आंबट शिल्लक आहे तोवर हळद पिवळी. ज्या थेंबानं आलेली लाली ढवळूनही जाणार नाही, तिथं थांब. सोडा किती कडक ते आपल्याला ठाऊक आहे. तो किती लागला, त्यावरून आंबटपणाचा हिशेब निघतो. कॉलेजात हळदीऐवजी दुसरं औषध, ते फिकट गुलाबी झालं की थांबायचं, एवढाच फरक."

लाली आली, टिकली. मग त्यानं आणखी तीन थेंब टाकले. पाणी कुंकवासारखं झालं.

"हे तीन कशाला?"

"वरची मूठ, भाऊजी. नेमकं माप देलं तर गिऱ्हाईक वापस येत नाई."

"लिंबू काय तुह्यं गिऱ्हाईक हाये काय रे?" बायको म्हणाली.

मी पुन्हा पुन्हा करून घेतलं. शेवटी त्याचा हात आवरला. आपल्याला शिकवता येतं, असा माझा समज झाला.

परीक्षेत तेच माप तीनदा काढायचं होतं. त्याची तिन्ही वाचनं तंतोतंत जुळली, कारण तिन्ही वेळा वरची मूठ सारखीच पडली. परीक्षकांनी गडद गुलाबी पाणी उजेडात धरून विचारलं, "हे सरबत कुणासाठी?" नापास.

सासरे अकोल्याहून तणतणत आले. "जवाईबापू, कायनं गेलं प्रॅक्टिकल?"

मी कारण सांगितलं.

"म्हंजे पोट्ट्यानं माप कमी नाई देलं?"

"नाही. जास्त दिलं."

"तिन्ही खेपा?"

"तिन्ही."

पोरगा पहिला आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. "मंग ठीक हाये. शिकू द्या त्याले." शास्त्राची बाजू मांडायला मला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षेची फी, अकरा रुपये, त्यांनी स्वतः कॉलेजच्या कॅशियरकडे भरली.