पहिल्या फेरीला एकच

आमच्या मंडळाच्या गणपतीत जिलबीची परात एकदा डॉक्टरांच्या हातात गेली, की साक्षात बाप्पा पंगतीला येऊन बसले असते तरी त्यांना पहिल्या फेरीला एकच मिळाली असती. स्वतःच्या बायकोलाही एकच. सुधाताई दरवर्षी म्हणायच्या, "अहो, माझ्या पानात तरी दोन टाका." आणि डॉक्टर दरवर्षी पुढच्या पानाकडे सरकत म्हणायचे, "फेरी संपू दे जी. दुसऱ्या फेरीला चार घे."

डॉक्टर मूळचे नागपूरचे. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या आधी भूल देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी झोपवलेलं. तरी मंडळात त्यांना कुणी भूलतज्ज्ञ म्हणून ओळखायचं नाही. वाढपी डॉक्टर म्हटलं की लहान पोरंसुद्धा बोट दाखवायची.

मध्यंतरी पुण्याहून सॉफ्टवेअरवाली तरुण मंडळी आली आणि कमिटीत बसली. त्यातला एक जण म्हणाला, "काका, आपण बुफे ठेवू या ना. मच मोअर एफिशिएंट." डॉक्टर कमरेला एप्रन बांधत होते. म्हणाले, "बुफेत धटिंगण जेवतो आणि लाजाळू उपाशी राहतो. मी वाढतो, तू पाणी दे." आमची पंगत बसायची त्या शाळेच्या हॉलमध्ये तो पोरगा दोन तास पाण्याचा जग घेऊन फिरला. पुढच्या वर्षी बुफेचं नाव निघालं नाही.

आता ह्या गोष्टीत फुटबॉल येणार आहे; तुम्ही म्हणाल, तो कुठून? तर फुटबॉल हे डॉक्टरांचं दुसरं दैवत. आमच्या गावचा क्लब छोटा, नाव सांगितलं तर बर्मिंगहॅमबाहेर कुणाला कळायचं नाही. डॉक्टर आणि आमचे हे, दोघांची सीझन तिकिटं शेजारी-शेजारी. ह्यांचे गुडघे गेले, पायऱ्या चढवेनात, तेव्हा तिकीट वाया जायला नको म्हणून मी जायला लागले. पहिल्या दिवशी मी विचारलं, "भाऊजी, ते ऑफसाइड म्हणजे काय?" ते म्हणाले, "वहिनी, वाढपी यायच्या आधीच पुढे सरसावून बसला, तो ऑफसाइड." मला इतकं चटकन कळलं, की त्यानंतर मी रेफ्रीवर ओरडायलाही लागले.

आमच्या मागच्या रांगेत रॉन बसायचा. रिटायर्ड बसड्रायव्हर, डॉक्टरांचा जुना दोस्त. मॅच सुरू झाली की खिशातून पेअर ड्रॉप्सच्या गोळ्यांची कागदी पिशवी काढायचा आणि ती रांगेतून फिरायची. आधी डॉक्टर, मग मी, मग पुढची माणसं. गोळी तोंडात टाकल्याशिवाय आपला गोल होत नाही, अशी रॉनची श्रद्धा होती. गोल तसाही क्वचितच व्हायचा. दर गणपतीला रॉन आमच्या पंगतीला यायचा आणि बोटांनी वरणभात खायचा.

मग खर्चाचा नियम आला. इथेच नाही, अख्ख्या युरोपात ह्या ना त्या रूपात तोच आहे. क्लब जेवढं कमावतो, साधारण तेवढंच त्याने खर्चायचं. मालक कितीही गडगंज असो, तोटा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की शिक्षा. दंड तरी होतो, नाहीतर जिंकून मिळवलेले पॉइंट कापले जातात. डॉक्टर ह्या नियमाच्या बाजूचे. कारण शेजारच्या गावच्या क्लबाचं काय झालं ते आम्ही पाहिलं होतं. तिथे एक धनाढ्य मालक आला, महागडे खेळाडू आणले, पॉइंट कापले गेले. आमच्या लोकांनी त्यावर गाणं रचलं आणि शेजाऱ्यांशी मॅच असली की ते गायचे. डॉक्टर सगळ्यात मोठ्याने. पुढे मालक कंटाळून निघून गेला, चहाच्या काउंटरवरच्या बायकांचे पगार थकले, मैदानाला कुलूप लागलं. तेव्हा डॉक्टरांचं गाणं बंद झालं. म्हणाले, "असा धनी येतो, सोन्याचं ताट मांडतो, आणि जाताना खालचा पाटही घेऊन जातो. नियम ह्यांना आधीच लागायला हवा होता."

माझं मत वेगळं होतं. घरी येताना बसमध्ये मी म्हणायचे, "भाऊजी, मोठ्या क्लबाचे शर्ट जगभर खपतात. त्यांची कमाई मोठी, म्हणून त्यांनी जास्त खायचं. आणि आपण छोटे, म्हणून जन्मभर छोटंच राहायचं. हा कायदा झाला की पंक्तिप्रपंच?" ते खिडकीबाहेर बघत बसायचे. स्टॉप जवळ आला की म्हणायचे, "तुमचं खोटं नाही. पण आगीची भीती आहे म्हणून चूल लहान ठेवा म्हणतात, ते तरी कुठे चूक आहे?" आमचा वाद असा वर्षानुवर्षं एकाच बसने गेला-आला.

आणि मग परात आमच्यापाशी आली. आमचा मालक गावातलाच, खिडक्या-दारं बसवण्याचा धंदा असलेला, सगळ्यांना नावाने हाक मारणारा भला माणूस. क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये टिकावा म्हणून त्याने हौसेने हात सैल सोडला. ऐन हिवाळ्यात निकाल आला. आमचे पॉइंट कापले, आणि क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरण्याच्या काठावर आला.

क्लबाच्या बारमध्ये सभा भरली. अपील करायचं, त्याआधी मोर्चा काढायचा, आणि बोलायचं कुणी, तर डॉक्टरांनी. रॉननेच त्यांचं नाव सुचवलं. "ह्याचं सगळे ऐकतात, ह्याने सगळ्यांना बेशुद्ध केलंय," म्हणाला. खूप हशा झाला. डॉक्टर उठले. मी शेजारीच होते.

"शेजाऱ्यांचे पॉइंट कापले तेव्हा मी गात होतो," ते इंग्रजीत म्हणाले. "तेव्हा नियम मला चांगला वाटला. आज आपल्या पानावर आला म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही. आपण जास्त खर्च केला, हे खरं आहे. पॉइंट परत मागायला मी येणार नाही."

मागे कुणीतरी ग्लास टेबलावर आपटला.

"पण एक मागायचं असेल तर मी सगळ्यात पुढे चालेन. मॅच दाखवण्याचे टीव्हीकडून जे पैसे येतात, त्यातला पहिला वाटा वरपासून खालपर्यंत सगळ्या क्लबांना सारखा द्या म्हणा. मग ज्याने त्याने आपापल्या कमाईने खावं. पहिली फेरीच न वाढता जास्त खाऊ नका म्हणणं, ह्याला मी नियम म्हणत नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. बसमधला माझा वाद त्यांनी असा भर सभेत निम्मा मान्य केला, पण तो ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. लोकांना पॉइंट हवे होते.

रॉन म्हणाला, "डॉक, तू आमच्यातला आहेस असं मला वाटत होतं."

तीस वर्षांची दोस्ती होती हो. डॉक्टरांनी कोट घातला आणि बाहेर पडले.

पुढच्या मॅचला पिशवी निघाली. रॉनचा हात डॉक्टरांच्या खांद्यावरून सरळ माझ्यापाशी आला. मी पिशवीकडे बघितलं आणि तशीच मागे दिली. डॉक्टर मराठीत पुटपुटले, "घ्या जी वहिनी, तुमचं काय त्यात?" मी म्हटलं, "शेजारचं पान रिकामं असताना घास उचलायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?" उरलेला सीझन आम्ही दोघांनी गोळीविना काढला. अपील फेटाळलं गेलं, क्लब खाली गेला. कापलेले पॉइंट असते तर वाचला असता, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी जाताना एकेकदा डॉक्टरांकडे बघून घेतलं. पॉइंट जणू त्यांनीच खिशात घातले होते.

बसमध्ये ते पहिल्यांदाच म्हणाले, "वहिनी, क्लब वर येईल पुन्हा. रॉनचं काय करू?"

मी म्हटलं, "दरवर्षीसारखं गणपतीचं आमंत्रण द्या."

त्या वर्षीची पंगत डॉक्टरांची शेवटची. मुलगी लंडनजवळ क्रॉयडनला, सुधाताईंची तब्येत नाजूक, म्हणून दोघं तिच्याजवळ राहायला निघाली होती. पानं मांडून झाली, भात आला, रॉनचा पत्ता नाही. डॉक्टर परात घेऊन उभे आणि डोळे दाराकडे. मी म्हटलं, "वाढा आता, लोक खोळंबलेत." तेवढ्यात रॉन आत आला. डॉक्टरांना म्हणाला, "मी तुझ्यासाठी आलेलो नाही. जिलबीसाठी आलोय." आणि रांगेच्या पार टोकाला जाऊन बसला.

डॉक्टर एकेक पान करत टोकाला पोचले. रॉनच्या पानात जिलबी ठेवली. रॉनने दोन बोटं वर केली. डॉक्टरांचा हात परातीवर थबकला. सुधाताईंनीसुद्धा मान वळवली. मला वाटलं, आज देतील दुसरी, आज दिली तरी कोण काय म्हणणार आहे.

"पहिल्या फेरीला एकच, रॉन," डॉक्टर म्हणाले.

रॉनने जिलबीकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. "अजून कापतोच आहेस का माझे पॉइंट?" म्हणाला, आणि खो खो हसत सुटला. त्याचं हसणं संपेना, डॉक्टरांना परात धरवेना, शेवटी ती त्या पुण्याच्या पोराने धरली. दुसऱ्या फेरीला रॉनने पाच खाल्ल्या.

डॉक्टर क्रॉयडनला गेले. मी अजून मॅचला जाते. त्यांच्या सीटवर आता एक नवीन माणूस असतो, इंग्रजी बेताचंच येणारा, कुणाशी न बोलणारा. सीझनच्या पहिल्या मॅचला रॉनची पिशवी निघाली, ती आधी त्याच्यापुढे आली. त्या माणसाने आपलं मूठभर उचललं. रॉनने वाकून त्याची मूठ धरली आणि त्याला समजेल अशा हळू इंग्रजीत सांगितलं, "पहिल्या फेरीला एकच, मित्रा. सगळ्यांनाच."

हाफटाइमला मी क्रॉयडनला फोन लावून हे सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि दुसरी फेरी काढली का त्याने?"

मी मागे वळून बघितलं. रॉन पिशवी घडी घालून खिशात ठेवत होता.

"नाही," मी म्हटलं.

"मग सांगा त्याला," डॉक्टर म्हणाले, "अर्धाच नियम शिकलास म्हणून."