आमच्या घरातला एक जून

अर्जावरची घरं एवढी लहान होती, की बारीक टोकाच्या पेननंही अक्षरं एकमेकांना धक्का देत होती. डेन्मार्कमधल्या एका गाईंच्या फार्मवर वर्षभर काम करायला माझी निवड झाली होती. कृषीच्या आमच्या वर्गातून एवढ्या लांब जाणारी मी एकटीच. पण व्हिसाचा अर्ज महिनाअखेरपर्यंत जमा झाला नाही किंवा चुकीमुळे परत आला, तर ती जागा दुसऱ्या कोणाला मिळणार होती. म्हणून कच्चा अर्ज भरून मी अकोल्यात आमच्या हॉस्टेलसमोरच्या नेट कॅफेत टाइप करायला नेला.

कॅफेवाला दादा स्कॉलरशिपपासून बसपासपर्यंत सगळ्यांचे अर्ज भरतो. कुटुंबाच्या पानावर तो थांबला.

"ताई, बाबा एक जून. आई एक जून. भाऊ एक जून. तुमी बी एक जून?"

"हो."

"बाप्पा! घरात पैदा व्हायचा मुहूर्त ठरला होता काय?"

बाकावरची दोन मुलं हसली. मीही हसले. गावात आमच्या पिढीपर्यंत बहुतेकांची तारीख हीच आहे, त्यामुळे मला कधी ते वेगळं वाटलंच नव्हतं. आता त्या पानावर चार ओळी एकाखाली एक पाहिल्या आणि लक्षात आलं, की परक्या माणसाला ही सरळ थाप वाटेल.

"थे गोरे म्हणतीन, पोरगी फेकून राहिली," दादा म्हणाला. "मी काय म्हणतो, बाबाले बारा मार्च करू, आईले सात ऑक्टोबर. कोण पाहाले येते?"

खरं सांगते, "करा" म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण अर्जाच्या तळाशी लिहिलं होतं, की वरील सर्व माहिती खरी आहे, आणि त्याखाली सहीची जागा. आमच्या घरात अर्ज वाचून सही करणारी मी पहिलीच. वाचून खोटं लिहायचं, तर मग वाचायला शिकून काय उपयोग, असं काहीतरी मनात आलं. शेवटच्या पानावर खुलाशासाठी एक चौकट होती. तीन ओळी, एकूण दीडशे घरं. मी म्हटलं, "दादा, ते राहू द्या. मी सोमवारी येते."

शनिवारी एसटीनं अमरावती, तिथून नांदगाव खंडेश्वर आणि पुढं आमचं गाव. बाबा गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं.

"त्यात काय वं?" ते म्हणाले. "मास्तरनं लिवली, मास्तरलेच इचार."

ज्या गुरुजींनी माझं नाव शाळेत घातलं, ते आता अमरावतीला मुलाकडं राहतात. रविवारी सकाळी बाबा आणि मी तिकडं गेलो. आईनं बरणीभर लोणचं दिलं होतं. गुरुजींनी मला ओळखलं नाही, बाबांना ओळखलं.

"शाळा उघडताना पोर सहा वर्षांचं पूर्ण पाहिजे, असा नियम," ते सांगू लागले. "मी तुझ्या बापाले विचारलं, पोरगी कधी झाली? तर म्हणे, तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा. आता तुरीच्या शेंगा मी कोणत्या रकान्यात लिहू? टाकला एक जून. सगळ्यांचाच टाकत होतो."

"आन् माहा?" बाबांनी विचारलं.

"तुझा माझ्या आधीच्या मास्तरानं टाकला. ती रीतच होती."

मी चौकट दाखवली. गुरुजींचे डोळे चमकले. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि मला लिहायला बसवलं. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की..."

"गुरुजी, एवढ्यात पहिली ओळ संपते," मी घाबरत म्हटलं.

"असं? मग उपरोक्त काढ."

उपरोक्त गेलं. सविनय गेलं. निवेदन जाताना त्यांना फार वाईट वाटलं. चहा झाला, पोहे झाले, कागद लाल झाला, तरी मुद्द्यापर्यंत काही आम्ही पोचलो नाही. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमी दोघं शिकेल मानसं, म्हनून जमून नाई राहिलं. सरळ लिव ना. आमच्या गावात जन्माची तारीख कोनी लिवून ठेवे नाई. शाळेत घालाच्या वेळी मास्तरनं सगळ्यायले एकच तारीख देल्ली. बस!"

गुरुजींनी लाल पेनाला टोपण लावलं. मग बाबांकडं बोट दाखवून मला म्हणाले, "याला मी चौथीत नापास केलं होतं."

बाबांचीच दोन वाक्यं मी इंग्रजीत केली आणि घरं मोजली. चार अक्षरं जास्त होत होती. शेवटी घातलेलं 'धन्यवाद' काढलं, मग बसलं. गुरुजी मात्र आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले तरी म्हणत होते, "धन्यवाद पाहिजे होतं. उद्धट वाटते."

सोमवारी कॅफेवाल्या दादानं ते टाइप केलं. दोनदा वाचलं आणि म्हणाला, "ताई, माह्या बी घरी तिघं आहेत एक जूनचे. सांगितलं नाई त्या दिवशी."

अर्ज जमा झाला. पुढचे सहा आठवडे मी दिवसातून दहा वेळा मेल उघडत होते आणि तेवढ्याच वेळा मनात म्हणत होते, बारा मार्च केलं असतं तर बरं झालं असतं का? प्रयोगशाळेत माती तोलताना एकदा तर वजन सोडून मी तारीखच लिहिली.

व्हिसा मंजूर झाल्याचा मेल आला तेव्हा मी मेसच्या रांगेत होते. हातातलं ताट मैत्रिणीकडं देऊन बाहेर पळाले.

त्याच आठवड्यात फार्मच्या मालकीणबाईंचं पत्र आलं. गाईंची माहिती, बुटांचं माप, आणि शेवटी एक प्रश्न. त्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर असतं, त्या दिवशी केक करतात, तर माझा कधी लिहायचा? मी बराच वेळ विचार करून लिहिलं, कागदावर एक जून आहे, आणि खरा तुरीच्या शेंगा भरतात तेव्हा. त्यांचं उत्तर आलं. तूर त्यांना माहीत नव्हती, म्हणून त्यांनी एक जून लिहून ठेवला होता, आणि शेंगा कधी भरतात ते विचारलं होतं, म्हणजे दुसरा केक करता येईल.

मी फोन करून घरी सांगितलं. बाबा मोठ्यानं हसले.

"मंग आमचं तिघायचं बी सांग तिले," ते म्हणाले. "एकच तारीख हाये. त्याच केकात भागते."