जावयाची खुर्ची

पांढुर्ण्याच्या कारागिरानं आज गादीच्या खुर्चीचं कापड उसवलं आणि जुन्या कापसाचा वास आला. मी मनानं थेट लहानपणीच्या सौसरच्या घरी पोचले.

ताईच्या लग्नानंतर बाबांनी ती खुर्ची करवून घेतली. गादीत भरायला शेतातल्या कापसाची सरकी आईनं हातानं काढली. नावच पडलं, जावयाची खुर्ची. घरातलं कोणी तिच्यात बसत नसे.

एका दुपारी शाळेतून लवकर आले, तर आई तिच्यात डोळे मिटून बसलेली. मला पाहताच दचकून उठली, पदरानं गादी झटकली.

"सरकी टोचते का जावयाले, ते पाहून राहिली होती."

तेव्हा मला ते खरंच वाटलं.

"बाई, गादीत मधात पार खड्डा पडला," कारागीर म्हणाला. "रोज कोण बसत होतं?"

जिजाजी तर फक्त दिवाळीला येत.